मंगळुरी कौलाची कुळकथा

आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण मंगळुरी कौलांच्या छपराखाली गेले असेल. काहींच्या डोक्यावर ते अजूनही असेल. आमच्या कोकणातल्या घराचे एक पाखे काही वर्षांपूर्वी उतरवावे लागले. अंगणात रचलेल्या थप्पीतून मी सहज एक कौल उलटे करून पाहिले, तो पाठीवर उठावाची इंग्रजी अक्षरे : बासेल मिशन टाइल वर्क्स. घर बांधणारे माझे पणजोबा फार कर्मठ. ओटीवर पाद्री येऊन बसलेला त्यांना खपला नसता. त्या गृहस्थांनी उतारवयातली सगळी वर्षे मिशनच्या छपराखाली संध्या केली, आणि कौल उलटे करून पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नाही.

त्या अक्षरांमागची हकीकत आज आपल्यापुढे मांडायची आहे. एका धर्मादाय संस्थेने अन्नाला महाग झालेल्या लोकांना हातचा धंदा शिकवायला घेतला, अनेकदा फसली, शेवटी यशस्वी झाली, आणि त्या यशाने तिला व तिच्या माणसांना जिथे नेऊन सोडले तिथे जाण्याचे कोणाच्याही मनात नव्हते, अशी ती हकीकत आहे.

बासेल हे स्वित्झर्लंडमधले ऱ्हाइनच्या काठचे शहर. जर्मनी आणि फ्रान्स ह्या दोन्ही देशांच्या सीमा तिथे येऊन भिडतात. १८१५ साली तिथल्या भाविक प्रॉटेस्टंट मंडळींनी परदेशी पाठवण्यासाठी धर्मप्रचारक तयार करायचे ठरविले, आणि त्यातून बासेल मिशन उभे राहिले. तिचे कित्येक प्रचारक शेजारच्या व्युर्टेंबर्ग ह्या जर्मन प्रांतातून येत. शेतकऱ्यांची, सुतारांची, विणकरांची ही मुले. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा पाद्री आपल्या डोळ्यांपुढे येतो, त्याहून हा गडी निराळा होता. त्याच्या हाताला घट्टे पडलेले असत, आणि काम हीच उपासना ही त्याची घरची शिकवण असे. पुढची पुष्कळशी हकीकत ह्या घट्ट्यांतून निघाली आहे, हे ध्यानात ठेवावे.

१८३३ च्या सनदेने ब्रिटिश नसलेल्या मिशनऱ्यांनाही हिंदुस्थानाचे दार मोकळे झाले. पुढच्याच वर्षी सॅम्युएल हेबिक, लेनर आणि ग्राइनर असे तिघेजण पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि मंगळुरास येऊन राहिले. मंगळूर तेव्हा मद्रास इलाख्यात होते. तिथून मिशन दक्षिणेस मलबारात कण्णूर, तलश्शेरी, कालिकत असे पसरले, आणि घाटावर धारवाड-हुबळीकडे, म्हणजे आपल्या जुन्या मुंबई इलाख्यातही आले. ह्याच मंडळींनी १८४३ मध्ये मंगळुरात कन्नडातले पहिले वर्तमानपत्र काढले, आणि गुंडर्टचा मल्याळम कोश व किटेलचा कन्नड कोश हे दोन डोंगराएवढे ग्रंथ ह्याच मिशनने दिले. त्या विद्येचे ऋण मोठे आहे, पण तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा.

मिशनकडे आले कोण ? एखादा आनंदराव कौंडिन्य येई. ह्या सारस्वत तरुणाने १८४४ साली मंगळुरात धर्मांतर केले तेव्हा गावात मोठी खळबळ उडाली. पण अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. बहुसंख्य आले ते तुळुनाडातले बिल्लव आणि मलबारातले तिय्या. आपल्या कोकणातल्या भंडाऱ्यांशी त्यांची तुलना करता येईल. माडावर चढून ताडी काढणे आणि दुसऱ्याच्या जमिनीवर कूळ म्हणून राबणे, ह्या दोन गोष्टींवर त्यांचे पोट.

आता अशा एखाद्या बिल्लवाने बाप्तिस्मा घेतला म्हणजे त्याचे काय होई ते पाहा. घरातून तो बाहेर पडे. तिथे मिळकतीचा वारसा मामाकडून भाच्याकडे जाण्याची अळियसंतान पद्धत. घर तुटले की आसराही तुटला. जमीन बहुधा देवस्थानाची किंवा उच्चवर्णीय जमीनदाराची. कूळ बाटले म्हणजे कुळवहिवाट गेलीच. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता खरा, परंतु जवळ उद्याचे तांदूळ नसलेल्या माणसाने तो हक्क कोणत्या कोर्टात जाऊन बजावावा ? राहिली ताडी. तर ताडी काढणे आणि विकणे मिशनलाच मंजूर नव्हते ! म्हणजे त्याच्या पोटाची दोन दारे समाजाने लावून घेतली, आणि तिसरे ज्यांनी त्याला जवळ केले त्यांनीच.

म्हणून बासेल मिशनच्या उद्योगशाळांकडे निव्वळ परोपकार म्हणून पाहणे मला पुरेसे वाटत नाही. ज्याची भाकरी आपल्यामुळे गेली त्याला दुसरी भाकरी मिळवून देण्याची ही जबाबदारी होती, आणि मिशनऱ्यांपैकी शहाणे लोक ती ओळखून होते. दान देऊन ती निभत नाही, हे त्यांना फार लवकर कळले. नुसते तांदूळ वाटावेत तर तांदळासाठी येणारे वाढतात, आणि घेणाऱ्याच्या पाठीचा कणा वाकतो. हे त्या काटकसरी, कामसू लोकांना सहन होण्यासारखे नव्हते.

मग प्रयोग सुरू झाले, आणि त्यांपैकी बरेच बुडाले. गदगजवळ मलसमुद्र येथे शेतीची वसाहत घालून पाहिली, ती रुजली नाही. कोडगूत कॉफी लावून पाहिली. साखर करून पाहिली. एवढेच काय, घड्याळे करण्याचा आणि दुरुस्त करण्याचा धंदाही शिकवून पाहिला. स्वित्झर्लंडच्या माणसाला घड्याळाचा धंदा सुचावा ह्यात नवल नाही. पण जिथे दिवस भरतीओहोटीवर आणि रात्र कोंबड्याच्या आरवण्यावर मोजतात, त्या मुलखात घड्याळजी किती पोसले जाणार ? धंदा शिकवणाऱ्यांची ही चूक जुनी आहे, आणि नवीही आहे. शिकवणाऱ्याला जे येते ते शिकवले जाते. ते घेणार कोण, हा विचार मागाहून येतो. शिवणाचे यंत्र वाटून मोकळ्या होणाऱ्या आपल्याकडच्या किती संस्था आपण पाहिल्या आहेत !

विणकामाने प्रथम पाय रोवला. १८५१ साली हॅलर नावाचा कसबी विणकर मंगळुरास आला. त्याने युरोपीय घाटाचे माग बसवले, रंगशाळा काढली आणि माणसे शिकवायला घेतली. मंगळुरामागून कण्णूर आणि कालिकत येथेही विणमाग चालू झाले. मिशनचे कापड टिकाऊ आणि पक्क्या रंगाचे म्हणून लष्करी छावण्यांत व साहेबांच्या घरी खपू लागले. खाकी रंग हॅलरनेच प्रथम काढला, असे मंगळुरात अभिमानाने सांगतात. सरहद्दीवरच्या गाइड्स पलटणीने त्याआधी काही वर्षे खाकी वापरल्याची नोंद आहे, तेव्हा शोधाचा मान वाटून घ्यावा हे बरे. हॅलरच्या रंगशाळेतून पक्की खाकी निघत होती, एवढे मात्र खरे.

परंतु मागावर माणसे किती बसणार ? कळप मोठा झाला होता. शिवाय विणकाम हे हाताचे नाजूक काम. माडावर चढलेल्या, खांद्याने ओझी वाहिलेल्या माणसाला ते सहजी साधत नसे. त्याच्या अंगातल्या बळाला साजेसे काम हवे होते, आणि ते अखेरीस पायाखालीच सापडले.

नेत्रावती आणि गुरुपुर ह्या दोन नद्या मंगळुरापाशी समुद्राला मिळतात. त्यांच्या काठची माती चिकट आणि लोहयुक्त. भाजली म्हणजे लाल होते. मिशनच्या छापखान्याचे काम पाहिलेला गेओर्ग प्लेब्स्ट नावाचा यंत्रज्ञ होता. त्याने ती माती पारखली. तिकडे फ्रान्समध्ये अल्सास प्रांतातल्या झिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या सपाट कौलाची युक्ती पेटंट केली होती, आणि मार्सेय बंदराच्या नावाने तसली कौले जगभर जात होती. प्लेब्स्टने तीच युक्ती नेत्रावतीच्या मातीला लावली. १८६५ साली मंगळुराजवळ जेप्पू येथे नदीकाठी कारखाना उभा राहिला. यंत्रावर चालणारा हिंदुस्थानातला पहिला कौलांचा कारखाना तो हाच.

ह्या कौलात एवढे विशेष काय, असे आजच्या सिमेंटच्या दिवसांत कोणी विचारील. जुने नळीचे कौल आठवून पाहा. कुंभार ते चाकावर घडवी. अर्धगोल, हलके, आणि एकावर एक नुसते ठेवलेले. वारा त्याला हलवी, माकडे उलथून टाकीत, मांजर फिरले तरी फट पडे. दरवर्षी मृगापूर्वी घर शाकारावे लागे, आणि शाकारूनही आषाढात घरभर भांडी मांडावी लागत. मंगळुरी कौलाला खाचा आणि कडा असतात. वरच्या कौलाची कड खालच्याच्या खाचेत बसते, आणि मागचा दात रिपेला धरून राहतो. शंभर चौरस फुटांच्या छपराला साधारण दीडशे कौले लागतात. पाखे एकदा नीट बसले की ते वर्षानुवर्षे हलत नाही. किनाऱ्यावरच्या पावसाला टिकणारे आणि मध्यम स्थितीतल्या माणसाला परवडणारे छप्पर हे होते. माल जड असल्यामुळे कारखाना पाण्याच्या काठी असणे फार सोयीचे ठरले. माती आणि सरपण होडीतून यावे, आणि तयार कौले गलबतांत भरून गोवा, मालवण, रत्नागिरी, मुंबईपर्यंत जावीत. मंगळुरास रेल्वे पोचली ती १९०७ साली. तोवर कौलांनी सगळी पश्चिम किनारपट्टी पालथी घातली होती.

शिक्षण ह्या कारखान्यात कसले होते, ते आता पाहू. माती खणून आणायची, कुजत ठेवायची, निरनिराळ्या काठांची माती प्रमाणात मिसळायची, घाणीतून काढून तिचे लोंदे करायचे. मग साच्यात दाब देऊन कौल काढायचे, कडा तासायच्या, आणि मांडणीवर सावलीत वाळत घालायचे. उन्हात घातले तर ते वाकडे होते. ते पुरते वाळले म्हणजे भट्टी. भट्टीत थप्पी रचणे आणि जाळ राखणे ही त्यातली खरी विद्या. जाळ कमी झाला तर कौल पाणी पिते, जास्त झाला तर काळे पडून पिळवटते. भट्टी उघडली की कौलावर टिचकी मारून आवाज ऐकायचा : खणखणले तर पहिल्या प्रतीचे, बद्द वाजले तर बाजूला. हे शिकायला पुस्तक लागत नव्हते, पण डोळा, कान आणि धीर लागत होता. ज्या लोकांना उद्याची खात्री कधी नव्हती त्यांना ह्या कामाने ठरलेला दिवस, ठरलेली मजुरी आणि अंगात मुरलेले एक कसब दिले. बायकांनाही काम मिळाले. माती आणि कच्ची कौले वाहण्याचे बरेच काम त्याच करीत. पुढे हिंदू आणि इतर मजूरही आले, आणि निरनिराळ्या जातींची माणसे एका मांडणीपाशी उभी राहिली. जेप्पूनंतर कालिकत, कुद्रोळी, मालपे, पालघाट, फरोक असे कारखाने निघत गेले. मंगळुरात यंत्रांचा कारखानाही निघाला, आणि तिथे लोहारकाम, ओतकाम, जोडारीकाम शिकलेली मुले बाहेर पडू लागली.

दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होई. वेळेची शिस्त कडक. दारूला बंदी. बचतीची सक्तीवजा सवय लावली जाई, आणि आजारपणासाठी तरतूद असे. कोणाला ह्यात बापाची माया दिसेल, कोणाला बापाची काठी. मला दोन्ही दिसतात. जो माणूस तुमचा धर्मगुरू तोच तुमचा मालक, आणि पुष्कळदा तुमच्या झोपडीखालच्या जमिनीचा धनीही तोच, अशी स्थिती असली म्हणजे मजुरी कमी आहे हे सांगण्यासाठी तोंड उघडायचे कोणाजवळ ? रविवारी ज्याच्यापुढे पापे कबूल करायची, त्याच्यापुढे सोमवारी तक्रार करायची !

ही अडचण बासेलमध्ये दिसत नव्हती असे नाही. योझेनहान्स हा मिशनचा प्रमुख १८५१-५२ मध्ये स्वतः हिंदुस्थानात येऊन सर्व ठाणी पाहून गेला. १८५९ साली मिशनच्या व्यापारासाठी भागभांडवलाची वेगळी कंपनी स्थापन झाली. तिची एक फांदी आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टवर, आजच्या घानात, होती. पैशाचे पुस्तक आणि पवित्र पुस्तक निरनिराळ्या फडताळांत ठेवावे, असा तो हेतू. तरी वाद मिटला नाही. प्रचारकांतलेच काहीजण म्हणत की आपण आत्मे वाचवायला आलो आणि विटा-कौले मोजत बसलो. कारखान्याच्या नोकरीसाठी माणसे ख्रिस्ती होतात, असेही ते म्हणत. दुसरे उत्तर देत की उपाशी माणसाला उपदेश करणारा आधी त्याच्या चुलीकडे पाहो. दोघांचेही खरे होते, म्हणूनच तो वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला.

माझ्या मते खरी उणीव दोघांच्याही नजरेतून सुटली. धंदा शिकवला, पण धंदा दिला नाही. भट्टीचा जाळ राखणारा मनुष्य आयुष्यभर भट्टीचा जाळच राखीत राहिला. कारखाना चालवणे, हिशेब, बाजार, भांडवल ह्या गोष्टी वरच्या युरोपीय माणसांच्या हाती होत्या. चाकावर नळीचे कौल घडवणारा कुंभार गरीब असेल, पण चाक त्याचे, आवा त्याचा, आणि गिऱ्हाईकही त्याचेच. मिशनच्या कामगाराला कुंभारापेक्षा चांगली आणि निश्चित मजुरी मिळाली, पण त्याला जे येत होते त्याचा उपयोग कारखान्याच्या भिंतीआडच होता. लाखाचा साचा आणि हजारोंची भट्टी त्याने कोठून आणावी ? ही विद्या वापरून स्वतःचे कारखाने काढले ते भांडवलवाल्यांनी, देशी आणि युरोपीय दोघांनीही. नेत्रावती-गुरुपुरच्या काठी चिमण्यांची रांग उभी राहिली. शिकलेल्या कामगाराला त्यामुळे दुसरे दार मोकळे झाले, हे नाकारता येत नाही. एक मालक सोडून दुसऱ्याकडे जाण्याची सोय हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे.

आणि कुंभाराचे काय झाले ? आमच्या गावी कुंभारवाडा होता. माझी आजी सांगे, पूर्वी वैशाखात कौलांसाठी कुंभाराच्या दारी हेलपाटे घालावे लागत. पुढे बंदरावर मंगळुरी कौलांचे मचवे लागू लागले, आणि कुंभारवाड्यात मडकी आणि चुली तेवढ्या उरल्या. एका किनाऱ्यावरच्या निराधारांना आधार देणाऱ्या कौलाने दुसऱ्या किनाऱ्यावरच्या कुंभाराचा आधार काढून घेतला. त्याच्यासाठी कोणी उद्योगशाळा काढली नाही. मिशनला ह्याचा दोष लावणे अन्यायाचे होईल. यंत्राचे कौल आज ना उद्या आलेच असते. पण जमाखर्च मांडायचा तर ही रक्कमही लिहिली पाहिजे.

१९१४ साली महायुद्ध पेटले, आणि मिशनच्या जर्मन माणसांवर एका दिवसात शत्रूचा शिक्का बसला. आपल्या नगरला जर्मन नागरिकांसाठी नजरकैदेची छावणी होती. बासेलच्या प्रचारकांपैकीही काहीजण तिथे आणून ठेवले होते. मंगळुरास मातीत हात घातलेली ही माणसे नगरच्या तारेच्या कुंपणाआड बसली. कारखाने सरकारने ताब्यात घेतले, आणि युद्धानंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या ब्रिटिश कंपनीकडे गेले. ही सगळी उलथापालथ लंडन, बासेल आणि मद्रास ह्यांच्या दरम्यान झाली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप ऐंशी वर्षांपूर्वी आरंभला होता, त्या बिल्लव-तिय्या कुटुंबांची आता तिसरी-चौथी पिढी भट्टीवर होती. मालमत्ता कोणाची, हे ठरवताना त्यांना विचारावे असे कोणाच्या मनात आले नाही. यायला कारणही नव्हते. कागदोपत्री ते कोठेच नव्हते.

पण माणूस शिकतो तेव्हा शिकवलेले तेवढेच शिकतो असे नाही. एका वेळी, एका छपराखाली, एका भोंग्यावर काम करण्याची सवय शेकडो माणसांना लागली होती, आणि ती प्रार्थनेखेरीज दुसऱ्या कामीही येते हे १९३० नंतरच्या दशकात दिसून आले. कालिकत-फरोकच्या कौलकामगारांनी संघटना बांधल्या आणि संप केले. पी. कृष्ण पिळ्ळै ह्यांच्यासारखे पुढारी त्यांच्यांत वावरू लागले. मलबारातल्या कामगार चळवळीचा पहिला अड्डा ह्या कौलांच्या आणि विणमागांच्या कारखान्यांत पडला.

पुढे सिमेंटची स्लॅब आली, नदीकाठची माती दुर्मिळ झाली, सरपण महागले, आणि कौलांचे कारखाने एकामागून एक थंड पडत गेले. कालिकतच्या मानांचिरा तळ्यापाशी मिशनचा विणमागांचा जुना कारखाना होता. कॉमनवेल्थ ट्रस्टकडून तो २००९ साली बंद झाला. जागा भर शहरातली, म्हणजे सोन्याच्या मोलाची. कामगारांपैकी कित्येकांनी नुकसानभरपाईचे पैसे घेऊन घरी जाण्याचे नाकारले आणि दारापुढे धरणे धरले. कारखाना सरकारने ताब्यात घेऊन पुन्हा चालवावा, ही त्यांची मागणी. वर्षे गेली, पण ते उठले नाहीत. अखेर केरळच्या विधानसभेने तो ताब्यात घेण्याचा कायदा केला, आणि २०१८ साली त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. कंपनीच्या मालमत्तेच्या कागदपत्रांत ज्यांचे नाव कधी आले नव्हते, त्यांच्या हट्टापायी हा कायदा झाला.

आमच्या घराची उतरवलेली कौले मोजली तेव्हा फुटकी वगळून अकराशे भरली. तालुक्याच्या गावाहून एक व्यापारी आला आणि चांगला भाव देऊन घेऊन गेला. जुनी मंगळुरी कौले आता पर्यटकांच्या बंगल्यांवर शोभेला बसवतात म्हणे. एक मी ठेवून घेतले आहे. ते टेबलावर उलटेच ठेवतो.